मुलं अकराच उरली, सेवा सोडू का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "वय सव्वीस. नोकरी सांभाळून दोन वर्षं मंडळीतल्या (चर्चमधल्या) तेरा ते अठरा वयाच्या मुलांचा गट चालवतो. सुरुवातीला तीसेक मुलं यायची, आता अकरा येतात. त्यांतला एक तर दाराशीच बसतो, कुणाशी बोलत नाही, पण एकही शनिवार चुकवत नाही. पालक मुलांना सोडून निघून जातात. काही बिनसलं की मात्र लगेच फोन. पाळकसाहेबांना सांगितलं तर म्हणतात, प्रार्थना करा. राजीनामा लिहून ठेवलाय. देऊ का?"

राजीनाम्याचं शेवटी बघू. आधी अकराचं.

तीस मुलं होती तेव्हा त्यांतल्या किती जणांची घरं तुम्ही पाहिली होती? उत्तर मला नको, स्वतःलाच द्या. मी या कामात चोवीस वर्षं आहे आणि पहिली पाच वर्षं मी फक्त गर्दी जमवली. गाणी, खेळ, नाटुकली, शिबिरं, सगळं दणक्यात. वार्षिक अहवालात आमच्या गटाचा आकडा वाचून दाखवला की मान ताठ व्हायची. त्या गटात एक मुलगा होता. चार वर्षं नेमाने आला. वचनं तोंडपाठ, शिबिरात सगळ्यांच्या पुढे. अठरा पूर्ण झाली, गटातून बाहेर पडला आणि मंडळीत दिसेनासाच झाला. तीन-चार महिन्यांनी मी त्याच्या घरी गेले. त्याच्या आईने दार अर्धवट उघडलं आणि विचारलं, "आपण कोण?"

चार वर्षं तिचा मुलगा दर आठवड्याला माझ्याकडे होता, आणि तिला माझा चेहरा माहीत नव्हता. तिच्यावर रागावण्याचा मला काहीच अधिकार नव्हता, कारण तिचाही चेहरा मी तेव्हाच पहिल्यांदा पाहत होते.

तो मुलगा का गेला, हे मला त्या दारात कळलं. मी त्याला माझ्याशी जोडलं होतं, घराशी नाही आणि मंडळीशीही नाही. आमचा गट म्हणजे एक बेट होतं. बेटावर मजा होती, पण तिथून कुठे जायला पूल नव्हता. वय संपलं, बेट संपलं. नंतर मला असे बरेच दिसले. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: मधोमध उभं राहणं सोडा आणि बाजूला या. मुलांभोवती घरची आणि मंडळीतली मोठी माणसं उभी करणं हे तुमचं मुख्य काम आहे. बाकीचं त्यामागून येतं.

साधा हिशेब करा. आठवड्याचे तास १६८. तुमच्या वाट्याला दोन, फार तर तीन. बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या ६ व्या अध्यायात वचनं मुलांच्या मनावर बिंबव असं सांगितलंय. कधी? घरी बसलेला असताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना. यातली कुठलीच वेळ शनिवारच्या गटाची नाही. ही आज्ञा ज्यांना आहे त्यांची जागा आपण भरून काढू पाहतो, ती भरत नाही आणि मग आपण थकतो. तुमच्या थकव्याचं निम्मं कारण इथेच असावं असा माझा अंदाज आहे.

आता पालकांबद्दल. "सोडून निघून जातात" हे वाक्य मी दरवर्षी ऐकते, आणि पूर्वी मीही तावातावाने म्हणायचे. पण बसून बोललं की बेफिकीर पालक फार थोडे निघतात. बहुतेकांना भीती वाटत असते. आपल्याला शास्त्र नीट येत नाही, मुलाने काही विचारलं तर अब्रू जाईल, त्यापेक्षा ज्यांना येतं त्यांच्याकडे सोपवलेलं बरं. तक्रारीचा फोन हा त्यांना ठाऊक असलेला एकमेव दोर आहे. तोच टाकतात बिचारे.

दुसरा दोर तुम्ही टाका. काहीही बिनसलेलं नसताना फोन करा. मी पहिल्यांदा असा फोन केला तो एका वडिलांना. म्हटलं, "आज तुमच्या मुलीने कुणी न सांगता सगळ्या खुर्च्या आवरल्या, आणि नवीन आलेल्या मुलीला शेजारी बसवून घेतलं. एवढंच सांगायला फोन केला." पलीकडे बराच वेळ शांतता. मग जपून प्रश्न आला, "बरं... आणि काय केलं तिने?" ते तक्रारीची वाट बघत होते! तक्रार नाही हे पटायला त्यांना दोन मिनिटं लागली. पुढच्या शनिवारी ते मुलीला सोडायला आले आणि गाडीतून खाली उतरले. दोन वर्षांत पहिल्यांदा.

अकरा मुलं म्हणजे महिन्याला अकरा फोन, प्रत्येकी तीन-चार मिनिटं. तीस असती तर हे तुम्हाला जमलं नसतं.

फोनच्या जोडीला एक गोष्ट करून बघा. दर शनिवारी गट सुटला की पालकांना दोन ओळींचा संदेश पाठवा: आज काय वाचलं, आणि घरी विचारायला एक प्रश्न. "आज काय शिकलास?" हा प्रश्न चालत नाही. त्याचं उत्तर जगभर एकच आहे, "काही नाही". प्रश्न असा हवा की बापालाही उत्तर ठाऊक नसेल. लूकच्या शुभवर्तमानाच्या २ ऱ्या अध्यायात येशू बारा वर्षांचा असताना यरुशलेमेत मागे राहतो आणि मरीया-योसेफ त्याला तीन दिवसांनी मंदिरात शोधून काढतात. त्यावर आम्ही दिलेला प्रश्न होता: "तू हरवलास तर आम्ही तुला आधी कुठे शोधावं?" एका आईने मला नंतर सांगितलं की तिचं आणि मुलाचं उत्तर अजिबात जुळलं नाही, आणि त्यावर दोघं रात्री उशिरापर्यंत बोलत बसले.

हाच उतारा एकदा पालक आणि मुलं एकत्र बसवून वाचा. मुलांनी मरीयेच्या बाजूने बोलायचं, पालकांनी बारा वर्षांच्या मुलाच्या बाजूने. तो काय बोलला ते आईवडिलांना समजलं नाही, असं लूक स्पष्ट लिहितो. त्या घरातही समजलं नव्हतं म्हटल्यावर आमच्या खोलीतल्या अनेक खांद्यांवरचं ओझं उतरलेलं मी पाहिलंय.

सगळी घरं सारखी नसतात हे सांगायला नकोच. कुठे एकटी आई असते, कुठे वडील विश्वासात नसतात, कुठे देवाचं नाव काढलं की भांडण होतं. प्रेषित पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य, त्याचं घर आठवा: वडील ग्रीक, आणि विश्वासाचा उल्लेख येतो तो आई युनीके आणि आजी लोईस यांच्या बाबतीत. पौलाने त्यांची नावं घेऊन पत्रात लिहिलं. घरात एक लोईस सापडली तरी पुष्कळ झालं. आजीला फोन करा.

मुलांकडे वळू. या वयात झोपेचं घड्याळच पुढे सरकतं, रात्री लवकर झोप येत नाही आणि सकाळी उठवत नाही. तेरा ते अठरा वयाला आठ ते दहा तास झोप लागते आणि ती फार थोड्यांना मिळते. तेव्हा तुमच्या बोलण्यात कुणी पेंगलं तर ते मनाला लावून घेऊ नका. बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात युतुख नावाचा तरुण पौलाच्या उपदेशात खिडकीत बसून झोपला आणि तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. पौल खाली धावला, त्याला कवटाळलं, मुलगा जिवंत झाला. (उपदेश मध्यरात्रीपर्यंत लांबला होता, पण त्याबद्दल पौलाला कुणी बोलल्याची नोंद नाही.) तुमचं बोलणं बारा मिनिटांत संपवा. उरलेला वेळ त्यांचा. प्रश्न विचारलात की मनात दहापर्यंत मोजा. सातव्या आकड्याला तुम्हाला स्वतःच उत्तर द्यायची अनावर इच्छा होईल, ती गिळा. आठव्या-नवव्याला कुणीतरी तोंड उघडतं. आणि "देव आहे कशावरून?" असं कुणी विचारलं तर पहिल्या मिनिटात उत्तर देऊ नका. "हा प्रश्न कधीपासून मनात आहे?" एवढंच विचारा. तर्काच्या प्रश्नामागे पुष्कळदा एखादं मरण असतं, नाहीतर मोडू घातलेलं घर.

तुम्ही सव्वीसचे आहात म्हणून एक जुनी हकीकत सांगते. ८ डिसेंबर १८४१. इटलीतल्या तुरिन शहरात डॉन बॉस्को नावाचा तरुण याजक मिस्साची, म्हणजे कॅथलिक उपासनेची, तयारी करत होता. त्याचंही वय सव्वीस. थंडीने आत आलेल्या एका गवंडीकाम करणाऱ्या अनाथ पोराला मिस्साला साहाय्य करता येत नाही म्हणून तिथल्या सेवकाने मारून हाकललं होतं. डॉन बॉस्कोने त्याला परत बोलावून घेतलं. वडील आहेत का? नाहीत. आई? नाही. वाचता येतं? नाही. लिहिता? नाही. एकामागून एक 'नाही' येत गेली, तेव्हा त्याने विचारलं म्हणतात, "शीळ घालता येते?" आणि पोरगा हसला. मग थोडंसं शिकवणं झालं, पुढच्या वेळी सोबत्यांना घेऊन ये असं सांगणं झालं, आणि त्यातून पुढे तुरिनच्या रस्त्यावरच्या शेकडो मुलांचं घर उभं राहिलं.

नव्या सेवकांना शिकवताना मी ही गोष्ट दरवेळी सांगते ती त्या शिळेसाठी. मुलाला काय येत नाही याची यादी मंडळीतल्या सगळ्यांकडे तयार असते. काय येतं ते शोधायला कुणीतरी लागतं, आणि जे येतं ते करायला जागा द्यावी लागते. १८८१ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंड गावी फ्रान्सिस क्लार्क या पाळकाने तरुणांची 'ख्रिश्चन एन्डेव्हर' संस्था काढली तेव्हा त्याने हेच केलं: प्रार्थनासभा चालवणं, नव्यांची चौकशी करणं, सगळं समित्या करून तरुणांच्याच हाती दिलं. तुमच्या गटात खुर्च्या कोण लावतं? गाणं कोण निवडतं? गैरहजर मुलाला फोन कोण करतं? तीनही उत्तरं "मीच" असतील तर तुमच्यासमोर अकरा प्रेक्षक बसलेत. आणि अकराला कमी लेखू नका. लंडनमध्ये १८४४ साली कापडाच्या दुकानात काम करणाऱ्या बावीस वर्षांच्या जॉर्ज विल्यम्सबरोबर अकराच सोबती होते. त्यातून वायएमसीए ही तरुणांची ख्रिस्ती संघटना सुरू झाली. तुमच्याकडे असं काही होईलच असं नाही, व्हायलाच हवं असंही नाही.

मदतनीस. 'निर्गम' या पुस्तकाच्या १८ व्या अध्यायात इथ्रो आपल्या जावयाला, मोशेला, तोंडावर सांगतो की तू करतोस ते ठीक नाही, तूही झिजशील आणि हे लोकही झिजतील. मग हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेमायचा सल्ला देतो. म्हणजे सर्वात खालच्या पायरीवरही एका माणसामागे दहाच. तुमच्याकडे अकरा आहेत आणि तुम्ही एकटे. इथ्रोच्या हिशेबानेही एक जास्तच!

माणसं मिळवायची तर उपासनेनंतर जाहीर आवाहन करू नका. आवाहन झालं की प्रत्येक जण शेजाऱ्याकडे बघतो. एका माणसाकडे जा, एक काम सांगा, मुदत सांगा: "तीन महिने, दर शनिवारी पाच ते सात, फक्त उपस्थित राहायचं आणि या दोघांशी बोलायचं." वय बघू नका. आमच्या गटातली सर्वात प्रभावी कार्यकर्ती सत्तरी ओलांडलेली विधवा बाई होती. तिला गाणं येत नव्हतं, मोबाइल नीट येत नव्हता. तिच्या वहीत चार मुलांची नावं आणि त्यांच्या परीक्षांच्या तारखा असायच्या. पेपर झाला की ती मंडळीच्या आवारात त्या मुलाला गाठून विचारायची, "गणित कसं गेलं?" ती वारली तेव्हा अंत्यविधीला तिच्या नातवंडांइतकीच ही पोरंही रडत होती. त्यांतले तिघं आज स्वतः शब्बाथ शाळा घेतात.

मदतनीस लागतात त्याचं आणखी एक कारण आहे, आणि त्यात मी तडजोड करत नाही. मुलांबरोबर कायम किमान दोन मोठी माणसं हवीत. एकट्या मुलाशी बोलायचं तर दार उघडं, इतरांच्या नजरेच्या टप्प्यात. रात्री उशिरा एकेकट्याला संदेश नाहीत. घरी एकट्याने पोचवणं नाही. "आपल्या मंडळीत असं काही होत नाही" हे वाक्य जिथे ऐकू येतं तिथे मी जास्त सावध होते. हे नियम मुलांच्या रक्षणासाठी आहेत, आणि तुमच्याही.

गुपिताचं वचन कधीही देऊ नका. मी दिलं होतं. एका मुलीने आधी शपथ घ्यायला लावली, मग सांगितलं की ती स्वतःच्या हाताला इजा करते. मी तीन आठवडे गप्प बसले, प्रार्थना केली आणि रोज रात्री फोन वाजला की दचकले. शेवटी तिच्या बहिणीनेच ते पाहिलं आणि तिला उपचार मिळाले. ती सावरली, पण ते तीन आठवडे माझ्या खात्यावर आहेत. तेव्हापासून माझं वाक्य ठरलेलं आहे: "तू सांगशील ते मी चारचौघांत बोलणार नाही. पण तुझ्या किंवा कुणाच्या जिवाला धोका असेल तर मला योग्य माणसाला सांगावं लागेल, आणि ते तुला सांगूनच करीन." हे ऐकून बोलायची थांबलेली मुलं मला फार थोडी भेटली. मरणाचे विचार येतात का असं सरळ विचारायला घाबरू नका. विचारल्याने ते डोक्यात शिरत नाहीत, उलट मूल मोकळं होतं. होय म्हणालं तर त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी घरच्यांना आणि डॉक्टरांना गाठा. प्रार्थनाही करा, डॉक्टरही गाठा. या दोहोंत भांडण लावणाऱ्यांचं ऐकू नका.

कुणी छळ किंवा अत्याचार होतोय असं सांगितलं तर आपण तपास करायचा नाही, संशयिताला जाब विचारायचा नाही, आणि मंडळीच्या नावासाठी आपसात मिटवायचं तर मुळीच नाही. मुलाचे शब्द जसेच्या तसे तारखेनिशी लिहून ठेवा आणि अधिकृत यंत्रणेला कळवा. कितीतरी देशांत असं कळवणं कायद्यानेच बंधनकारक आहे. आपल्या इथला नियम गट चालवायला घेण्याआधीच वाचलेला असावा.

राहता राहिला तुमचा थकवा. पाळकसाहेब प्रार्थना करा म्हणाले ते खोटं नाही, पण अपुरं आहे. संदेष्टा एलीया झुडपाखाली "आता पुरे" म्हणून मरण मागत होता तेव्हा देवदूताने त्याला आधी खाऊ घातलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून खाऊ घातलं. देवाने प्रश्न विचारला तो पुष्कळ नंतर, आणि त्याच्याही नंतर अलीशा दिला, सोबतीला. क्रम लक्षात घ्या. महिन्यातला एक शनिवार गट दुसऱ्यावर सोपवा आणि त्या दिवशी तिकडे फिरकूही नका. शास्त्र उघडलं की हातात पेन्सिल येते आणि डोक्यात पुढच्या शनिवारचा मुद्दा येतो, ही सवय मोडा. एखादं पुस्तक फक्त स्वतःसाठी वाचा.

पाळकांकडे पुन्हा जा, पण या वेळी "फार ताण आहे" असं मोघम बोलू नका. तीन मागण्या लिहून न्या: महिन्यातून एक तास भेट, दोन मदतनीसांची नावं सुचवणं, वर्षातून एक प्रशिक्षण. पाळकही बहुतेक वेळा एकटेच असतात. नेमकं मागितलं तर नेमकं देणं त्यांनाही सोपं जातं. हे उत्तर एखादे पाळक किंवा कमिटीतले कुणी वाचत असतील तर त्यांना एकच सांगते: वर्षातून एकदा स्टेजवर बोलावून टाळ्या वाजवल्याने युवा सेवक टिकत नाही. त्याच्यासोबत बसा, "कसा आहेस?" विचारा, आणि "ठीक" हे उत्तर ऐकल्यावर उठू नका.

आता राजीनामा. दमलेल्या महिन्यात दिलेला राजीनामा बहुतेकदा माणूस थकव्याला देत असतो. सहा आठवडे पुढची तारीख कॅलेंडरवर घाला आणि पत्र तोवर खणात राहू द्या. त्या दिवशीही सोडावंसं वाटलं तर खुशाल सोडा, त्यात पाप नाही. फक्त मुलांना ते तुमच्या तोंडून कळू द्या आणि नव्या माणसाबरोबर काही शनिवार एकत्र घालवा. तुमचा पत्ता नाही नि तिथे दुसराच कुणी उभा, असं त्यांच्या बाबतीत व्हायला नको.

या सहा आठवड्यांत अकरा फोन करायचेच आहेत. पहिला त्या दाराशी बसणाऱ्या मुलाच्या घरी करा. तो दर शनिवारी येतो, एकही चुकवत नाही, आणि तो आलेला तुम्हाला आवडतो, एवढंच सांगा. तो कुठे जातो हे त्यांना माहीत आहे का, तेही त्या फोनवर कळेल.